बारशाआधी ठरलेलं, बारशानंतर नावडलेलं

बाळाच्या नावाबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. मूल होण्याआधी जे नाव जीव की प्राण होतं, तेच मूल मांडीवर आल्यावर नकोसं झालं. काहींनी ते वेळेत ओळखलं, काहींच्या हातात दाखला पडून गेला होता. निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची ओळख छापलेली नाही.

आम्ही लग्न ठरल्यापासून मुलाचं नाव ‘रेयांश’ ठेवायचं ठरवलं होतं. आता बाळ नऊ दिवसांचं आहे आणि आम्हा दोघांनाही त्याला त्या नावाने हाक मारवत नाही. ‘बाळ्या’, ‘सोन्या’च चाललंय. तीन दिवसांनी बारसं आहे. हॉस्पिटलवाले नोंदणीच्या अर्जासाठी नाव मागताहेत. काय करावं? (कोथरूड)

आधी अर्जाचं बघू, कारण घाई तिथे आहे असं वाटतं आणि नेमकी तिथेच ती नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे जावी लागते. जन्म हॉस्पिटलात झाला असेल तर ती कळवणं हॉस्पिटलचं काम. मात्र त्या माहितीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कलम १४ मध्ये नाव नंतर घालण्याची सोय आहे. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा अर्जावर नावाचा रकाना कोरा ठेवायला सांगा. ‘नाव नाही तर नोंद नाही’ असं कोणी काउंटरवर म्हणालं तर शांतपणे कलम १४ सांगा.

त्याऐवजी बाकीचे रकाने डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण चुका तिथे होतात. आईचं नाव माहेरचं की सासरचं, तेही आधार कार्डावर आहे तसंच का, वडिलांच्या नावातली वेलांटी, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, कायमचा पत्ता. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. नोंद जन्म जिथे झाला त्या हद्दीत होते, तुम्ही राहता तिथे नव्हे. राहायला कोथरूडला आणि बाळंतपण वाकडच्या हॉस्पिटलात, तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. माहेरी साताऱ्याला झालं असेल तर तिथल्या नगरपालिकेचा. नाव घालायला पुढे त्याच निबंधकाकडे जावं लागेल.

आता नावाकडे येऊ. तुमचं मन चंचल झालेलं नाही. मूल होण्याआधी आपण नाव बघतो. यादीत, मोबाईलवर, एखाद्या पाटीवर. ते दिसायला कसं आहे, अर्थ काय, आपण किती वेगळे ठरू, याचा विचार होतो. मूल झाल्यावर नाव तोंडात येतं. पहाटे तीनला, अर्धवट झोपेत, अंगाईच्या चालीवर, न्हाऊमाखू घालताना. तेव्हा अर्थ मागे पडतो आणि नाव तोंडात कसं बसतं तेच उरतं.

मराठीत हाक मारताना आपण शेवटचा स्वर लांबवतो. सईऽऽ, राजूऽऽ, मुक्ताऽऽ. ‘रेयांश’च्या शेवटी अनुस्वार आणि श आहे, तिथे आवाज लांबवायला जागाच नाही. मग आपोआप ‘रेयू’ होतं, किंवा चिडून ‘रेयांश्या’. म्हणून कुठल्याही नावाचं घरगुती रूप आधी बोलून बघावं. निदान पहिली चार-पाच वर्षं खरं नाव तेच असणार आहे. ते आवडलं नाही तर मूळ नाव कितीही देखणं असलं तरी घरात वापरलं जाणार नाही.

बारसं ठरल्या दिवशी करा. आत्याने कानात सांगितलेलं नाव कुठल्याही कार्यालयात नोंदलं जात नाही. घुगऱ्या वाटून झाल्यावर महिन्याभराने नाव बदललेली घरं पुण्यात कमी नाहीत. तोवर दोन नावं निवडा, जास्त नकोत. प्रत्येक नाव तीन दिवस एकट्याने वापरा. त्या तीन दिवसांत घरातल्या कोणीही दुसरं नाव उच्चारायचं नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारा. फोनवर कमी ऐकू येणाऱ्या आजीला नाव सांगा आणि तिने उलट काय म्हटलं ते ऐका. रागावून म्हणून बघा. पूर्ण नाव आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं मोठ्याने वाचा. तीन दिवसांनी दुसरं नाव घ्या आणि हेच सगळं पुन्हा करा.

एक फरक मात्र ओळखायला हवा. काही नावं केवळ नवी असतात म्हणून अवघडल्यासारखी वाटतात. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं. अशा नावाचा अवघडलेपणा तिसऱ्या दिवशी कमी झालेला असतो. जे नाव खरंच बसत नाही ते तिसऱ्या दिवशी टाळलं जातं. ‘सोन्या’, ‘पिल्लू’ वाढतं आणि नाव कमी येतं. तुमच्या पत्रावरून ‘रेयांश’ दुसऱ्या प्रकारात मोडतं. सोडून द्या.

मुदत म्हणून तीन महिने धरा. बाळं साधारण साडेचार महिन्यांची झाली की स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांपेक्षा वेगळा ओळखतात, असं १९९५ सालच्या एका अमेरिकी संशोधनात दिसलं होतं. त्याच्या आत नाव पक्कं झालेलं बरं. शिवाय दाखल्यावर नाव नसेल तर बाल आधार, पासपोर्ट, बँकेतलं खातं सगळं अडतं आणि लसीकरणाच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ राहतं. बारा महिने मिळतात म्हणून अकराव्या महिन्याची वाट बघू नका.

मुलीचं नाव ‘अन्वी’ नोंदवून आठ महिने झाले. आता कळतंय की आमच्या सोसायटीतच तीन अन्वी आहेत आणि पाळणाघरात चौथी. नाव घालायला बारा महिने मिळतात ना, मग अजून बदलता येईल का? (धायरी)

बारा महिन्यांची सवलत कोऱ्या रकान्यासाठी आहे, भरलेल्यासाठी नाही. एकदा नाव नोंदलं गेलं की पुढचा मार्ग कलम १५ चा, आणि ते कलम चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे. ‘अन्वी’चं ‘आन्वी’ झालं असेल तर पुरावे दाखवून दुरुस्ती मिळते. ती सुद्धा मूळ नोंद न खोडता, समासात शेरा मारून आणि निबंधकाच्या सही-तारखेने. ‘आता दुसरं नाव आवडतंय’ ही त्या अर्थाने चूक ठरत नाही. तेव्हा दाखल्यावरचं नाव केवळ मनबदलासाठी बदलून मिळेल, असं गृहीत धरू नका.

उरतो राजपत्राचा मार्ग. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असल्याने अर्ज पालकांनी करायचा. नावबदलाची सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात छापून आली की त्या पानाची प्रत हाच पुरावा. त्यानंतर आधारमध्ये नाव बदला. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, म्हणजे इथे एक संधी खर्च होईल. पुढे जिथे जिथे जन्मदाखला मागतील तिथे राजपत्राची प्रत जोडावी लागेल, दर वेळी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेश, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदारयादी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा आहे. त्यामुळे दाखल्यावर एक नाव आणि बाकी सगळीकडे दुसरं, ही जोडी मुलीला कायमची सांभाळावी लागते.

करायचंच असेल तर शाळेत घालण्याआधी करा. एकदा शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव चढलं की तिथला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होतो आणि शाळा सोडल्यावर तो आणखी अवघड होतो.

आमचं मत विचाराल तर चार अन्वी हे नाव बदलायला पुरेसं कारण नाही. पाळणाघरातल्या ताई दुसऱ्याच दिवशी ‘अन्वी देशपांडे’, ‘छोटी अन्वी’ अशी सोय करतात, आणि पोरींना त्याचं काही वाटत नाही. नाव तोंडात बसतंय ना? मग ठेवा. नावच मनातून उतरलं असेल तर वरचा खटाटोप करा, पण तीनदा विचार करून.

लग्नाआधी मी मैत्रिणींबरोबर ‘यमुना’, ‘दत्तात्रय’ अशा नावांना हसायचे. आता सातवा महिना आहे आणि मला ‘यमुना’च आवडू लागलंय. नवरा म्हणतो, हे डोहाळे आहेत, उतरतील. खरंच असं होतं का? (औंध)

डोहाळ्यांशी याचा संबंध नाही. आईवडील होऊ घातलेल्या पुष्कळ जणांचं असं होतं आणि त्यामागे कारण आहे.

नाव जुनाट वाटतं ते त्या नावाची माणसं डोळ्यांसमोर असतात म्हणून. ‘सुनीता’, ‘संगीता’, ‘सुरेश’, ‘दिलीप’ म्हटलं की आपल्याला मावशी, शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब आठवतात. ती आपल्या आईवडिलांच्या पिढीची नावं. ‘यमुना’, ‘रमा’, ‘गंगा’, ‘द्वारका’ ही त्याही आधीची. त्या नावांच्या पणज्या आपण फारशा पाहिलेल्या नसतात, म्हणून नाव पुन्हा कोरं होतं. त्यामुळे पणजीचं नाव आजीच्या नावाआधी परत येतं. अजून पंचवीस-तीस वर्षांनी कोणीतरी हौसेने ‘सुनीता’ ठेवेल.

दुसरं कारण कानाचं आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबर्सन यांनी नावांच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं की नावांची फॅशन पुष्कळदा स्वतःच्याच गतीने चालते. एक आवाज आवडतो, मग त्याची भावंडं येतात, मग सगळ्यांचाच कंटाळा येतो. आपल्याकडे ‘-एश’ची लाट येऊन गेली: रमेश, महेश, नरेश, उमेश. मग ‘-ता’ची: कविता, सविता, अनिता. सध्या ‘आ’ने सुरू होणाऱ्या आणि ‘-अंश’ने संपणाऱ्या नावांची चलती आहे. मूल होण्याआधी ही नावं आपल्याला सुटीसुटी भेटतात आणि ताजी वाटतात. गरोदरपणात गाठ पडते ती डॉक्टरांच्या वेटिंग रूमशी, मैत्रिणींच्या बारशांशी, सोसायटीच्या ग्रुपशी. तिथे आरव, आरुष, आरोह, आर्यन एकाच आठवड्यात कानावर पडतात. सारसबागेत संध्याकाळी कोणी ‘आऽऽर’ अशी हाक सुरू केली की नाव पूर्ण होण्याआधी तीन-चार मुलं वळून बघतात. लांबून व्यंजनं विरतात आणि पहिला स्वर तेवढा पोचतो. म्हणून नाव दुर्मिळ आहे का हे बघताना नुसतं तेच नाव मोजू नये, त्याच आवाजाची सगळी नावं मिळून मोजावीत. लसीकरणाच्या दिवशी पुकारली जाणारी नावं ऐका, जवळच्या बालवाडीच्या दारावरची यादी वाचा. इंटरनेटवरच्या ‘टॉप हंड्रेड’पेक्षा तुमच्या मुलीच्या वर्गाचा अंदाज त्यातून चांगला येतो.

‘यमुना’ची बाजू भक्कम आहे. शेवट ‘आ’कारान्त, हाक लांबते, ‘यमू’ हे घरगुती रूप तयारच आहे, जोडाक्षर नाही, स्पेलिंगमध्ये गोंधळ नाही. घरातल्या कोणा हयात किंवा नुकत्याच गेलेल्या व्यक्तीचं ते नाव नाही ना, एवढं दोन्ही घरी विचारून घ्या. ‘दत्तात्रय’चं मात्र जपून. शुद्ध रूप ‘दत्तात्रेय’, प्रचारात ‘दत्तात्रय’, आणि इंग्रजीत त्याची चार-पाच स्पेलिंगं. या नावाच्या मोठ्या माणसांच्या सातबाऱ्यावर एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं असतं. ठेवायचंच तर पहिल्या दिवशी एक रूप ठरवून सगळीकडे तेच चालवा.

मुलाचा जन्म हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर आहे. गुरुजींनी ‘ठ’ अक्षर काढलंय आणि सासूबाई ‘ठ’वरूनच नाव हवं म्हणतात. आम्हाला एकही सापडत नाही. (वाकड)

सापडणारही नाही, आणि तशी गरजही नाही. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ अक्षरं होतात. त्यांत हस्ताची ष, ण, ठ आणि आर्द्राचं ङ यांवरून रोजचं नाव काढणं जवळजवळ अशक्य. ‘ङ’ने तर मराठी शब्दच सुरू होत नाही. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून ‘नावरस नाव’ वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं अशी पद्धत पडली. नामकरण संस्कारात मुळात चार नावं सांगितलेली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. मासनाम महिन्यावरून ठरलेलं असतं. चैत्रात वैकुंठ, श्रावणात वासुदेव, कार्तिकात पुंडरीकाक्ष. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ही नावं लिहितात आणि त्यांतलं शेवटचं हाक मारायचं.

सासूबाईंना हेच सांगा, कारण हे त्यांच्याच बाजूचं आहे. ‘आई, गुरुजींना पत्रिकेत ठ-वरून नाव घालू द्या, तांदळातही लिहू. हाकेचं नाव मात्र आपण मिळून ठरवू.’ पत्रिकेतलं नाव जन्मदाखल्यावर घालू नका, एवढीच काळजी घ्या. हौसेने दोन्ही नावं जोडून नोंदवली की मूल जन्मभर फॉर्मवर दोन नावं लिहीत बसतं.

दाखल्यावर आता आईचं नावही येतं असं ऐकलं. मग पूर्ण नाव कसं लिहायचं आणि त्याचा नाव निवडण्यावर काही परिणाम होतो का? (हडपसर)

होतो, आणि बरेच पालक तो विसरतात. राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांवर असं लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फार वर्षांपूर्वी व्हायला हवा होता असा हा निर्णय आहे.

नाव निवडताना पूर्वी वडिलांच्या नावाशी जुळतंय का बघायचे. आता बाळाच्या नावाला लागून आईचं नाव येतं, तेव्हा ती जोडी बोलून बघा. ‘मीरा मीनल मिलिंद मोरे’ कागदावर गोड दिसतं, पण वर्गात हजेरी घेताना जीभ अडखळते आणि आद्याक्षरं चारही ‘एम’ येतात. बाळाच्या नावाचा शेवटचा आणि आईच्या नावाचा पहिला आवाज वेगळा असला की नाव सुटं ऐकू येतं. बाळाचं नाव दोन किंवा तीन अक्षरी ठेवलं तर चार शब्दांचं पूर्ण नाव फॉर्मच्या चौकटीत मावतं. आडनाव लांब असेल, कुलकर्णी किंवा देशपांडे, तर हा विचार जरूर करा.

पुष्कळ ऑनलाइन फॉर्मना अजून तीनच रकाने असतात. तिथे आईचं नाव कधी पहिल्या रकान्यात, कधी मधल्या, कधी गाळून, असं करू नका. जन्मदाखल्यावर जसं आहे तसं एकदा आधारवर आणा आणि तीच प्रत समोर ठेवून पुढचे सगळे फॉर्म भरा. नावांची जुळणी न झाल्याने अडलेलं काम सोडवायला जो वेळ जातो, त्याच्या मानाने ही मेहनत काहीच नाही.

नातवाचं नाव मुलाने इंटरनेटवरून काढलं. साइटवर अर्थ ‘विष्णूचा अंश’ दिलाय, दुसऱ्या साइटवर ‘सूर्याचा पहिला किरण’. खरं कसं शोधायचं? (सदाशिव पेठ)

आजोबा, कोश उघडायचा. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली पुण्यातच तयार झाला. तो आणि मोनिअर-विल्यम्सचा कोश आता मोबाईलवरही फुकट बघता येतात. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ आहे. शब्द तिथे नसेल तर निदान त्याचे दोन तुकडे तरी मिळायला हवेत. तुकडेही मिळत नसतील तर साइटवरचा अर्थ कोणीतरी बसवलेला आहे असं समजावं.

असं नाव ठेवू नये असं मात्र नाही. आवाज गोड असेल तर ठेवावं. फक्त बारशाच्या पत्रिकेवर भलता अर्थ छापू नये, आणि मुलगा मोठा होऊन विचारेल तेव्हा खरं सांगावं.

मुलीचं नाव ‘सई’. इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं तर लोक ‘साई’ वाचतात. अंकशास्त्रवाले म्हणतात आणखी एक ‘ए’ घाला. काय करावं? (सातारा रस्ता)

जादा ‘ए’ घातला तर ‘साई’च पक्कं होईल, म्हणजे रोग वाढेल. ‘सई’साठी एस-ए-ई लिहिणारेही आहेत, त्यात निदान ‘साई’ होत नाही. दोन्ही स्पेलिंगं मराठी न येणाऱ्या दोन-तीन लोकांना वाचायला द्या आणि जास्त जण जे बरोबर वाचतील ते घ्या. हा प्रयोग नोंदणीआधी करायचा आहे, नंतर नाही.

ज्यांच्या मनात ‘ज्ञ’, ‘ऋ’ किंवा ‘ळ’ असलेलं नाव आहे त्यांनीही हे करावं. आपण ‘ज्ञ’ डी-एन-वाय लिहितो, उत्तरेकडचा माणूस जी-वाय. आपला ‘ऋ’ रु, त्यांचा रि. ‘ळ’ला तर इंग्रजीत सोयच नाही. मूल पुण्यात राहिलं तर काही बिघडत नाही. मात्र कॉलेजला किंवा नोकरीला बाहेर पडलं की रोज नाव सांगत बसावं लागतं. ते मान्य असेल तर खुशाल ठेवा, ही नावं सुंदर आहेत. फक्त मूल स्वतः आपलं नाव उशिरा नीट म्हणेल याची तयारी असू द्या. र, श आणि जोडाक्षरं मुलांच्या तोंडी उशिराच येतात. ‘श्रेया’ बराच काळ ‘छेया’ असते.

दाखला छापण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर अक्षर वाचा. ‘इशान’ की ‘ईशान’, अनुस्वार आहे का, इंग्रजीत ‘एच’ गळला का. मोबाईलवर फोटो काढून घरी दुसऱ्याला वाचायला द्या. स्वतःच्या मुलाच्या नावातली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही.

पहिल्या मुलाचं नाव ‘अर्णव’. दुसरा मुलगा झालाय. घरचे म्हणतात जोडीला ‘आरव’ ठेवा. आम्हाला आता ‘केदार’सारखी साधी नावं आवडतात. पहिल्याशी जुळलं नाही तर विचित्र वाटेल का? (बिबवेवाडी)

‘केदार’ ठेवा. तीन-चार वर्षं आईबाबा झाल्यावर आवड साधेपणाकडे झुकते, कारण नाव रोज कितीदा वापरावं लागतं ते तोवर कळलेलं असतं. पहिल्या मुलाच्या नावाचा त्यात अपमान नाही. जुळणारी नावं उलट त्रास देतात. आईवडील एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात त्याचा अभ्यास ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. नावांचे सुरुवातीचे किंवा शेवटचे आवाज सारखे असले की गल्लत वाढते, असं त्यात आढळलं. ‘अर्णव’ आणि ‘आरव’ यांचे तर दोन्ही टोकांचे आवाज जवळचे आहेत. पुढे शाळेच्या बसमधून, डॉक्टरांकडून, कुरिअरवाल्याकडूनही हाच गोंधळ होईल, आणि आद्याक्षरं सारखी असल्याने बँकेची पत्रंसुद्धा अदलाबदल होतील.

सासऱ्यांचं नाव ‘वसंत’. ते जाऊन वर्ष झालं, बाळाला तेच नाव द्यायची यजमानांची इच्छा आहे. मलाही आवडतं, पण त्या नावाने बाळाला रागवू कशी? (नारायण पेठ)

हा संकोच जुना आहे आणि त्यावरची तोडही जुनीच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल होती तेव्हा सून ते नाव उच्चारत नसे, म्हणून घराघरात ‘बाळ’, ‘बंडू’, ‘नाना’ झाले. तुम्ही दाखल्यावर ‘वसंत’ घाला आणि हाकेचं नाव पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. नंतर ठेवू म्हटलंत तर कोणीतरी ‘वश्या’ म्हणायला लागेल आणि तेच रुळेल. सासूबाईंना आधी एकट्याने विचारा. काही जणींना ते नाव दिवसभर घरात ऐकणं सोसत नाही आणि चारचौघांत त्या ते बोलत नाहीत. त्यांनी मनापासून होकार दिला तर ‘वसंत’ हे आजही तोंडात नीट बसणारं नाव आहे, आणि शाळेत त्याच्या वर्गात दुसरा वसंत असायची शक्यता फार कमी.